चित्रफीत कृती दाखवते, चूक पाहत नाही
अरविंद गुप्ता यांच्या यूट्यूबवरील वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती शिक्षकांना परिचित आहेत. नवलाख उंबरे येथील दहावीच्या एका विद्यार्थिनीने त्या प्रथमच पाहिल्या आणि आम्हाला सांगितले, "सरांना थांबवता येत नाही, यांना थांबवता येतं." या माध्यमाचे बलस्थान तिने नेमके ओळखले.

सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याची तार, एवढ्यात मोटर! पण तिची मोटर फिरेना. कुंडल नुसते डुलत राहिले. तिने तारेच्या दोन्ही टोकांवरचे इनॅमल पूर्ण खरवडले होते. त्यामुळे दर अर्ध्या फेरीनंतर कुंडल उलट ढकलले जाई. एका टोकाची एक बाजू न खरवडता ठेवली, की तेवढा वेळ प्रवाह तुटतो आणि कुंडल जडत्वाने पुढे जाते.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या चित्रफितीला भरपूर अंगठे मिळाले, 'असे का?' हे कोणीच विचारले नाही. चित्रफीत उत्तम आहे. ती पाहिली म्हणजे शिकून झाले, हा समज आम्हाला खटकतो. मुलांची चूक तिला दिसत नाही. ती शिक्षकांनी पाहावी, आणि लगेच न सांगता मुलांना शोधू द्यावी.