चढणारा शंकू आणि उतरवून घेतलेले उत्तर

शाळेची सहल विज्ञान केंद्राला जाऊन आली की शाळेच्या वार्षिक अंकात तिचा वृत्तान्त ठरलेल्या शब्दांत येतो. मुलांनी निरनिराळी उपकरणे पाहिली, माहिती टिपून घेतली, ज्ञानात मोलाची भर पडली. नाटकाचे परीक्षण होते, पाठ्यपुस्तकाचे होते. सहलीचे मात्र कोणी करीत नाही. गेल्या हिवाळ्यात मुलाच्या सातवीच्या वर्गाबरोबर मदतनीस पालक म्हणून मी अशा एका सहलीला गेले होते. केंद्र कोणते, शाळा कोणती, याला महत्त्व नाही. शिक्षक मेहनती होते, मुले उत्साही होती, बसही वेळेवर आली. तरीही त्या दोन तासांत विज्ञान फार थोडे घडले. ते का, हे पाहणे शिक्षकांच्या उपयोगाचे आहे.

मुलांच्या हातात वीस प्रश्नांची छापील प्रश्नपत्रिका होती. दोन तासांत वीस प्रश्न, म्हणजे एकेका प्रश्नाला सहा मिनिटे, आणि त्यातच चालणे, रांग लावणे, पाणी पिणे. बहुतेक प्रश्न एकाच साच्याचे : ‘अमुक उपकरणामागील तत्त्व लिहा.’ हे तत्त्व उपकरणाशेजारच्या फलकावर छापलेलेच असते. मुलांनी हिशेब पटकन ओळखला. एकाने फलक वाचायचा, चौघांनी लिहून घ्यायचे आणि पुढे पळायचे. उपकरणाला हात लावण्यात वेळ घालवणारा मागे पडत होता. आम्ही पालकही ‘चला, चला, पुढे चला’ म्हणण्याच्या कामी आलो.

या केंद्रांमागची मूळ कल्पना अगदी उलट आहे. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केले. त्याआधी राजकीय कारणांनी विद्यापीठाची नोकरी गेल्यावर त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली होती आणि तिथल्या एका गावच्या शाळेत विज्ञानही शिकवले होते. प्रयोगाची सामग्री ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी उघड्यावर असावी, वाटेल त्याने ती हाताळावी, ही त्यांची दृष्टी शिक्षकाची होती. आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये खुले झाले. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीच सापडत नाही, तिथल्या मुलाला उपकरणाला मनसोक्त हात लावायला मिळणारी ही कदाचित एकमेव जागा असते. म्हणून तिथले दोन तास वाया जाणे मला परवडणारे वाटत नाही.

आता एका उपकरणाकडे सविस्तर पाहू. दोन शंकू तळाला तळ लावून जोडलेले, आणि खाली दोन रूळ. रूळ एका टोकाला जवळ आणि खाली, दुसऱ्या टोकाला फाकलेले आणि उंच. जोडशंकू खालच्या टोकाशी ठेवला की तो आपोआप वर ‘चढत’ जातो. फलकावर मथळा होता, ‘चढावर चढणारा शंकू!’ आणि खाली खुलासा, ‘प्रत्यक्षात गुरुत्वमध्य खाली येतो.’ सगळ्यांनी हे वाक्य उतरवले. एका मुलीने मात्र विचारले, “खालीच येतो, तर वर चढतो असं का लिहिलंय?”

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला फलकाची गरजही नव्हती. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, शंकूच्या टोकाची टेबलापासूनची उंची आधी खालच्या बाजूला मोजली, मग वरच्या बाजूला. रूळ उंच होत गेले, तरी टोक खाली आले होते. रूळ फाकतात तसा शंकू त्यांच्यामध्ये खाली रुततो, आणि हे रुतणे रुळांच्या चढापेक्षा जास्त असते, एवढीच गोष्ट. त्या मोजमापाला तीन मिनिटे लागली आणि तिचे दोन प्रश्न कोरे राहिले.

त्यापुढचा प्रश्न मात्र त्या उपकरणाला विचारताच येत नव्हता. शंकू चढेल की उतरेल हे तीन कोनांवर ठरते : रुळांचा चढ, दोन रुळांमधला कोन आणि शंकूचा स्वतःचा कोन. चढ थोडा वाढवला, किंवा रूळ एकमेकांजवळ आणले, तर शंकू मुकाट्याने खाली येतो. ही सीमा कुठे आहे हे शोधण्यातच प्रयोगाची खरी गंमत. पण इथे रूळ स्क्रूने पक्के केलेले! मोडतोडीची भीती मला समजते. रोज शेकडो हात लागणारी वस्तू दणकट हवीच. पण जे उपकरण एकच गोष्ट दाखवते आणि काहीही बदलू देत नाही, ते शेवटी हलणारे चित्रच.

दुसरी तक्रार फलकाच्या मजकुराबद्दल. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू तुम्ही पाहिला असेल. फलक सांगतो : झोतातल्या हवेचा वेग जास्त, म्हणून बर्नूलीच्या तत्त्वानुसार दाब कमी, म्हणून चेंडू झोतात राहतो. अनेक पुस्तकांतही हेच असते, पण हे बरोबर नाही. मोकळ्या खोलीत सोडलेल्या झोतातला दाब जवळपास भोवतालच्या हवेइतकाच असतो. झोताला वेग पंख्याने दिलेला असतो. त्याची तुलना बाजूच्या स्थिर हवेशी बर्नूलीच्या सूत्राने करता येत नाही. चेंडूचे वजन पेलतो तो वर येणाऱ्या हवेचा रेटा. चेंडू उजवीकडे सरकला की बराचसा झोत त्याच्या डाव्या बाजूने जातो, गोल पृष्ठभागाला धरून वळतो आणि उजवीकडे फेकला जातो. हवा उजवीकडे ढकलली गेली, म्हणून चेंडू डावीकडे, म्हणजे पुन्हा झोतात. न्यूटनचा तिसरा नियम मुलांच्या ओळखीचा असतो. चेंडू बोटाने किंचित बाजूला सारून त्याच्या वर लोकरीचा धागा धरला, तर झोत वळलेला डोळ्यांनी दिसतो. शिक्षकांनी सहलीला निघताना खिशात एक धागा जरूर ठेवावा.

शिक्षकांवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. दीडशे मुले, चार शिक्षक आणि परत आल्यावर मुख्याध्यापकांना दाखवायला काहीतरी ‘लेखी’ हवे, या कात्रीतून प्रश्नपत्रिका जन्मते. मग निदान ती तरी बदलावी. एका शिक्षकाने आधी एकदा जाऊन यावे आणि पाचच उपकरणे निवडावीत. वर्गाचे गट करून एकेका गटाला एकच उपकरण पंचवीस मिनिटे द्यावे, फलकावर वही टेकवून तो झाकावा आणि विचारावे : काय होईल असे वाटते? काय झाले? काय मोजता येईल? उरलेला वेळ मुलांना हुंदडू द्यावे. त्यातही ती बरेच पाहतात. पालकांना बरोबर घेतलेच, तर रांगा सांभाळण्याऐवजी एकेका गटाशेजारी बसवावे, आणि उत्तर सांगायचे नाही एवढी एकच अट घालावी. ही अट सुशिक्षित पालकांना जड जाते. आमच्यातले एक अभियंते गृहस्थ प्रत्येक उपकरणापाशी मुलांच्या आधी पोहोचत होते.

जोडशंकूसाठी तर सहलीचीही वाट पाहायला नको. रॉकेल किंवा तेल ओतायची प्लास्टिकची दोन नसराळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडावीत. दोन फूटपट्ट्या रूळ म्हणून आणि त्यांच्या टोकांखाली पुस्तके. इथे काहीच पक्के केलेले नसते. एकेक पातळ वही वाढवत गेले, की कितव्या वहीला नसराळे चढायचे थांबते हे वर्गात मोजता येते. आधी प्रत्येकाकडून अंदाज मात्र लिहून घ्यावा.