रस्ता चांगला, पण जातो कुठे?

नैऋत्य ओहायोत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्याच्या गराजमध्ये सायकल आहे, त्याला लिटल मायामी ट्रेल ठाऊक नाही असं सहसा होत नाही. कित्येकांच्या मुलांच्या सायकलींची मागची छोटी चाकं तिथेच सुटली. भारतातून पाहुणे आले की नायगारा, वॉशिंग्टन उरकून झाल्यावर उरलेल्या रविवारी आपण त्यांना तिथेच नेतो. या रस्त्याची स्तुती आपल्या गप्पांत पुष्कळ होते, समीक्षा मात्र कोणी करत नाही. मंडळाच्या नाटकाची, गाण्याच्या कार्यक्रमाची, झालंच तर अधिवेशनातल्या श्रीखंडाचीही आपण कसून चिकित्सा करतो. मग लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ७८ मैलांच्या कामाला तीच कसोटी का लावू नये?

आधी गुण सांगतो, कारण ते खरोखरच मोठे आहेत. सिनसिनाटीच्या पूर्वेकडून निघून स्प्रिंगफील्डपर्यंत जाणारी ही डांबरी वाट म्हणजे जुना लोहमार्ग आहे. लिटल मायामी रेलरोड १८४६ साली स्प्रिंगफील्डला पोहोचला. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघालेले लिंकन सिनसिनाटीहून कोलंबसला गेले ते याच मार्गावरून. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना चढ सोसवत नसे, म्हणून इंजिनिअरांनी टेकड्यांशी भांडण न करता नदीचा काठ धरला. त्यांची ती काटकसर आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येते. नदी दक्षिणेला उतरते, म्हणजे उत्तरेकडे जाताना आपण चढतच असतो. पण तो चढ इतका हलका असतो की परतताना पायडल मारायचे कष्ट कमी झाले की मगच त्याचा पत्ता लागतो. रूळ गेल्यावर दक्षिणेकडचा सुमारे ५० मैलांचा पट्टा स्टेट पार्क झाला. या पार्कची सरासरी रुंदी आहे अवघी ६६ फूट! जगात इतका लांब आणि इतका अरुंद बगीचा क्वचितच असेल.

लव्हलँड सोडून मॉरोच्या पुढे गेलात की रचना म्हणूनही ही वाट दाद घेते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला उतारावरचं रान आणि डोक्यावर सिकॅमोरची पांढरी खोडं. मोटारीचा आवाज नाही, त्यामुळे टायरखाली चुरडणाऱ्या पानाचाही आवाज ऐकू येतो. ही नदी ओहायोतली पहिली राज्य निसर्गरम्य नदी ठरली ती १९६९ साली. पुढे तिला राष्ट्रीय दर्जाही मिळाला, म्हणूनच तिचे काठ आजही बरेचसे मोकळे राहिले आहेत. फोर्ट एन्शंटच्या टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होपवेल संस्कृतीच्या लोकांनी साडेतीन मैल लांबीचे मातीचे बांध घातले. २०२३ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच परिसरात इंटरस्टेट ७१ चा जेरमाया मॉरो पूल दरी ओलांडतो, नदीपासून २३९ फुटांवरून. कोलंबसच्या गणेशोत्सवाला जाताना आपण त्या पुलावरून कितीदा तरी गेलो असू, आणि खाली काय आहे याचा पत्ताही लागला नसेल. खालून तो पूल पाहिला की वरची सगळी घाई खेळण्यातली वाटते.

आता दोष. किरकोळ दोष आहेत ते असे: झाडांच्या मुळांनी डांबर जागोजागी उचललंय, त्यामुळे बारीक टायरच्या सायकलवाल्याला मनगटं सांभाळावी लागतात. एखादा शेताकडे जाणारा रस्ता आडवा आला, जिथे तासाभरात चार पिकअप जात असतील, तर थांबण्याची पाटी बहुतेकदा सायकलस्वारासाठी असते, मोटारीसाठी नसते. ‘ऑन युअर लेफ्ट’ असं खेकसत जाणारे रंगीबेरंगी जर्सीवाले वीर आहेत, पण त्यांचा दोष रस्त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

मोठा दोष माझ्या बाबांनी एका वाक्यात सांगितला. ते मिरजेहून पाच महिन्यांसाठी आले होते. बाबांची सारी हयात सायकलवर गेली. दळण, रॉकेल, ऑफिसचा डबा, पुढे दांडीवर मी आणि मागे कॅरिअरवर बहीण. आमच्या घरी त्यांचा दिवस खिडकीत जायचा. लायब्ररी तीन मैलांवर, पण मध्ये पदपथ नसलेला चार पदरी रस्ता. मी कामावरून आलो की मगच त्यांना बाहेर पडता येई. ट्रेलवर मात्र त्यांनी मला मागे टाकलं. बारा मैल झाल्यावर बाकावर बसून त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “रस्ता चांगला आहे रे, पण हा जातो कुठे?” मी गावांची नावं सांगू लागलो. ते म्हणाले, “तसं नव्हे. इथून कोणी कामाला जातं का? बाजाराला?”

माझ्या मते समीक्षेचा खरा मुद्दा हाच आहे. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागातला लोकप्रिय ठिकाणचा कुठलाही वाहनतळ शनिवारी सकाळी पाहा. मिनीव्हॅनच्या मागे रॅक, रॅकवर चार सायकली. ज्या वाटेवर मोटारीला बंदी आहे तिथे पोहोचायला बहुतेकांना मोटारच लागते. सायकल हे जाण्यायेण्याचं साधन होतं, ते इथे सहलीचं सामान होऊन बसलंय. आपली मुलं या वाटेवर सायकल चालवायला शिकतात, पण सायकलने कुठे जायला शिकत नाहीत. आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणजे दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीपुढचे आईवडील, त्यांचं इथलं स्वातंत्र्य आपल्या किल्ल्यांना बांधलेलं राहतं.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक रस्ता उपयोगी कशाला हवा? फिरण्याचा आनंद पुरेसा नाही का? मुद्दा रास्त आहे. पर्वतीवर रोज चढणारा पुणेकर तिथे काही भाजी आणायला जात नाही. पण तो घरून चालत निघतो आणि चालत परततो. आनंद आणि उपयोग यांचं वैर नसतं, हे त्या टेकडीने सिद्ध केलंय. आणि ट्रेलच्या उत्तर भागानेही केलंय.

स्प्रिंग व्हॅलीच्या पुढे वाट नदी सोडते आणि झीनियाकडे चढू लागते. देखावा उतरतो, मक्याची आणि सोयाबीनची शेतं येतात. सौंदर्याचे गुण द्यायचे तर इथे कापावे लागतील. पण झीनियाच्या जुन्या स्टेशनच्या जागी अनेक ट्रेल एकत्र येतात. डेटनच्या भोवतीचं हे जाळं आता ३४० मैलांहून मोठं आहे. आणखी नऊ-दहा मैलांवर यलो स्प्रिंग्जमध्ये तर वाट गावाच्या पाठीमागून नव्हे, गावाच्या अंगणातून जाते. एकीकडे अँटिऑक कॉलेज, दुसरीकडे ग्लेन हेलनचं रान, आणि चार पावलांवर मुख्य बाजारपेठ. तिथे मी दप्तर पाठीला लावलेली मुलं पाहिली आहेत, हँडलला पिशवी अडकवून निघालेल्या आजीबाई पाहिल्या आहेत. त्यांच्या अंगावर जर्सी नव्हती, डोक्यावर नीट बसलेलं हेल्मेटही नव्हतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. दरीतही एक आशेची जागा दिसते: किंग्ज मिल्सला पीटर्स कार्ट्रिजचा जुना काडतुसांचा कारखाना ट्रेलला लागूनच आहे. १८९० साली तिथे भीषण स्फोट होऊन माणसं मेली होती. आज त्या इमारतींत लोक राहतात, आणि त्यांना सायकल गाडीवर चढवावी लागत नाही.

म्हणून माझा निकाल असा: देखाव्यात दक्षिण भाग सरस, पण रस्ता म्हणून उत्तर भाग श्रेष्ठ. ही ७८ मैलांची मुख्य वाट उत्तम आहे. कमी आहे ती शेवटच्या दोन मैलांची: सबडिव्हिजनपासून, शाळेपासून, लायब्ररीपासून ट्रेलपर्यंत नेणाऱ्या जोडवाटांची. त्या आपोआप होत नाहीत. असा प्रस्ताव टाउनशिपच्या सभेत आला की कुंपणालगतचे घरमालक येतात आणि चोरांची, कचऱ्याची, खासगीपणाची भीती मांडतात. त्यांना हसू नये. आपल्या परसदारी वाट यायची असती तर आपणही हेच बोललो असतो. पण सभेत दुसरी बाजू मांडायला आपल्यापैकी कोणी नसतं. आपण त्या संध्याकाळी कोणाला तरी क्लासला सोडायला गेलेलो असतो, अर्थातच गाडीने.

आपली पिढी आता साठीकडे, सत्तरीकडे झुकली आहे. पाच महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा कोंडमारा आपण पाहिला, कारण ते पाहुणे होते आणि परत जाणार होते. आपण इथेच राहणार आहोत. एक दिवस डॉक्टर किंवा मुलगी आपल्या हातातली किल्ली काढून घेईल, तेव्हा लायब्ररी तीन मैलांवरच असेल. पुढच्या वेळी टाउनशिपच्या सूचनापत्रात जोडवाटेचा विषय दिसला तर ती संध्याकाळ राखून ठेवा. बोलायला तीनच मिनिटं मिळतात. इंग्रजीचा सूर आपला असला तरी चालतो.