जालजोडणीच्या सूचना : एका उपेक्षित गद्यप्रकाराचे परीक्षण

तांत्रिक सूचना हा गद्यप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याला शैली नसते, म्हणून गुणदोषही नसतात, असा एक रूढ समज आहे. वास्तविक ज्या लेखनाचा अर्थ वाचकास तत्काळ कृतीने पडताळावा लागतो, त्याचे परीक्षण अधिकच काटेकोर असावयास हवे. एकाच पट्टीवर सामावलेल्या लहान संगणकाची नेटवर्कशी जोडणी कशी करावी, हे सांगणारे लेखन येथे विचारार्थ घेतले आहे. रास्पबेरी पाय हा अशा संगणकांपैकी सर्वांत परिचित. तो प्रयोगशाळेच्या टेबलावर असतो तोवर या लेखनातील उणिवा झाकल्या जातात. सांगली किंवा सातारा जिल्ह्यातील शेताच्या बांधावर तो नेऊन बसविला की त्या उघड्या पडतात.

पहिली उणीव कालनिर्देशाची होय. रास्पबेरी पाय 2012 मध्ये विक्रीस आला. त्या वेळी यंत्राला कायमचा आयपी पत्ता द्यावयाचा तर तो ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलमध्ये लिहावा लागे. 2015 पासून हे काम ‘डीएचसीपीसीडी’ या आज्ञावलीकडे गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीने ते ‘नेटवर्कमॅनेजर’कडे सोपविले. अकरा-बारा वर्षांत तीन पद्धती झाल्या आणि तिन्हींच्या सूचना आज सारख्याच ठामपणाने वाचावयास मिळतात. जुनी सूचना नव्या यंत्रावर पाळली असता यंत्र तक्रार करीत नाही, ही यातील खरी अडचण होय. विद्यार्थी जुन्या फाइलमध्ये पत्ता लिहितो, यंत्र पुन्हा सुरू करतो आणि त्या फाइलकडे कोणीही पाहत नसल्यामुळे काहीच घडत नाही. सूचनेतील एकही वाक्य खोटे नसते. ते केवळ निर्वाळ्याची मुदत संपलेले असते. ऐतिहासिक कागदावर तिथी नसेल तर अभ्यासक त्यावर विसंबत नाही. तोच दंडक येथे लावावयास प्रत्यवाय नसावा.

दुसरी उणीव गृहीतकांची. हे लेखन बहुधा एका विशिष्ट घराची कल्पना करून लिहिलेले असते. त्या घरात राऊटर हाताशी आहे, वीज अखंड आहे आणि चूक झालीच तर पडदा व कळफलक जोडून ती दुरुस्त करता येते. तासगाव परिसरातील द्राक्षबाग ही याहून सर्वस्वी निराळी जागा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर नव्या फुटीवर डाऊनीचा धोका असतो. पान किती वेळ ओले राहिले याची नोंद त्या दिवसांत फवारणीचा निर्णय ठरविण्यास उपयोगी पडते. अशी नोंद पाठविणारा संगणक बागेतील खांबावर पेटीत बंद असतो. त्याचा पत्ता दुरून बदलणे म्हणजे ज्या फांदीवर बसावे तीच तोडण्यासारखे आहे : पत्त्यातील एक अंक चुकला की ज्या वाटेने आज्ञा पोचली तीच वाट बंद होते. पुढची दुरुस्ती प्रवास केल्यावाचून होत नाही, आणि मधल्या दिवसांची नोंद तर कायमची जाते.

या धोक्यावर उपाय नाही असे मात्र नाही. उबुंटू प्रणालीतील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा नवी रचना लागू करून 120 सेकंद वाट पाहते. तेवढ्या अवधीत माणसाने होकार दिला नाही तर जुनी रचना परत आणते. चूक होणारच असे धरून चालणारी ही नम्रता सूचनालेखकांनी अंगी बाणविण्याजोगी आहे. जाण्याची वाट सांगणाऱ्याने परतीची वाटही सांगावी, हा व्यवहारातला साधा नियम या लेखनात मात्र क्वचितच पाळलेला आढळतो.

तिसरी उणीव चिन्हांच्या अर्थाविषयीची आहे. 169.254 ने आरंभ होणारा पत्ता दिसला तर त्याचा अर्थ बहुधा असा, की यंत्राने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. 100.64 ते 100.127 या मर्यादेतील पत्ता मोबाइल सिमवर दिसला तर तो पुरवठादाराने अनेकांमागे लपविलेला पत्ता होय. त्यावर बाहेरून थेट पोचता येत नाही. यंत्रानेच आतून बाहेर वाट काढावी लागते. रास्पबेरी पाय 5 पूर्वीच्या पट्ट्यांवर वीज गेल्यावरही चालणारे घड्याळ नाही. वीज परतली, पण पाटण वा जावळीच्या डोंगराआड मोबाइलचा संकेत मिळाला नाही, तर यंत्र मागचीच वेळ खरी मानून पावसाची नोंद करीत राहते. अशी नोंद नसलेल्या नोंदीहून अधिक घातक होय, कारण ती खरी भासते.

यावर असा आक्षेप संभवतो की सूचनेचा गुण संक्षेप हाच आहे आणि सर्व शक्यता सांगू गेल्यास नवशिका वाचक गोंधळेल. आक्षेपात तथ्य आहे. अधिकृत मार्गदर्शिका वेळोवेळी सुधारली जाते, हेही तिच्या श्रेयात मांडले पाहिजे. तथापि संक्षेप म्हणजे अटी गाळणे नव्हे. आवृत्ती व वर्ष, कोणती स्थिती गृहीत धरली आहे, जोडणी झाली हे कशावरून ओळखावे आणि न झाल्यास मागे कसे यावे, या चार गोष्टींना चार ओळी पुरतात.

गृहीतकांची किंमत किती पडते, याचे उदाहरण याच भूमीत आहे. 1998 मध्ये सुरू झालेल्या वारणा प्रकल्पाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे संगणकांनी जोडण्याचा संकल्प केला होता. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून उसाच्या नोंदींचे तेच काम साध्या मोबाइल संदेशांवर चालवून दाखविले. ते स्वस्त ठरले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचेही वाटले. यावरून संगणक निरुपयोगी ठरत नाही. मात्र जेथे संदेशाने भागते तेथे जोडणीचा डोलारा कशासाठी, हा प्रश्न सूचनेच्या पहिल्या ओळीपूर्वी विचारला गेला पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित होते.

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून आज जे विद्यार्थी या पट्ट्या हाताळतात, तेच उद्या इतरांसाठी सूचना लिहितील. परक्या घराचे वर्णन मराठीत उतरवून त्यांचे काम पुरे होणार नाही. बागेतील पेटी, जाणारी वीज आणि डोंगराआडचा संकेत यांना धरून लिहिलेली सूचनाच येथील वाचकाच्या उपयोगाची ठरेल, आणि तिचे मोलही त्याच कसोटीवर ठरवावे लागेल.