राशिचक्राचा आरंभ आणि ‘वैदिक’ हे विशेषण

राशिचक्राच्या दोन पद्धती आज प्रचारात आहेत. क्रांतिवृत्ताचे तीस-तीस अंशांचे बारा विभाग दोहींना मान्य आहेत. विभागांची नावे तीच, क्रमही तोच. भेद आहे तो आरंभस्थानाचा. सायन पद्धतीत मेषारंभ वसंतसंपातापासून, म्हणजे सूर्य उत्तरेकडे जाताना ज्या बिंदूत विषुववृत्त ओलांडतो तेथून, धरतात. निरयण पद्धतीत तो ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर मानलेल्या बिंदूपासून धरतात. संपात ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरतो, बहात्तर वर्षांत जवळजवळ एक अंश. एके काळी एकत्र असलेली ही दोन आरंभस्थाने त्यामुळे आज चित्रापक्षाच्या गणनेने सुमारे २४ अंशांनी दुरावली आहेत. मार्चच्या तीस तारखेचा सूर्य एका पद्धतीत मेषेचा, तर दुसरीत मीनेचा ठरतो.

येथवर मतभेदाला जागा नाही. मतभेद उद्भवतो तो नामकरणातून. निरयण राशिचक्राला ‘वैदिक’ आणि सायन राशिचक्राला ‘पाश्चात्य’ म्हणण्याची रीत गेल्या काही दशकांत इतकी रूढ झाली आहे की, हे शब्द वर्णनपर नसून पक्षपर आहेत याचा विसर पडावा. पहिला शब्द प्राचीनत्वाचा आणि प्रामाण्याचा दावा करतो. दुसरा परकेपणाचा आरोप करतो. दोन्ही दावे ऐतिहासिक आहेत, आणि इतिहासाच्या कसोटीला ते कितपत उतरतात हे पाहण्यास शब्दांचा पुरावा फार उपयोगी पडतो.

वैदिक वाङ्मयात राशी नाहीत. नक्षत्रे आहेत, तैत्तिरीय संहितेत त्यांची कृत्तिकांपासून आरंभ होणारी संपूर्ण यादी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात बारा आऱ्यांच्या चक्राचा उल्लेख आहे व तो राशिचक्राचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. परंतु त्याच सूक्तात त्या चक्रात बसविलेल्या ३६० खुंट्यांचाही उल्लेख आहे. चक्र संवत्सराचे, आरे महिन्यांचे आणि खुंट्या दिवसांच्या, हा सरळ अर्थ सोडून आऱ्यांच्या ठायी मेष-वृषभ पाहणे म्हणजे ‘बारा’ या संख्येला साक्षीदार करणे होय. वेदांगज्योतिषातही राशी नाहीत. तेथे उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठांच्या आरंभी आणि दक्षिणायनाचा आश्लेषांच्या मध्यावर सांगितला आहे.

मात्र राशी नसल्या, तरी आज ज्या दोन तत्त्वांवर राशिचक्राचा वाद चालतो ती दोन्ही तत्त्वे वैदिक भाषेत आहेत, आणि तीही महिन्यांच्या दोन स्वतंत्र नाममालांच्या रूपाने. एक माला मधु-माधव, शुक्र-शुचि, नभ-नभस्य, इष-ऊर्ज, सह-सहस्य, तप-तपस्य अशी आहे. ही नावे जोडीजोडीने ऋतूंना वाटून दिलेली आहेत. त्यांच्यात गोडवा, ताप, मेघ, रस यांचा गंध आहे, ताऱ्यांचा मागमूस नाही. दुसरी माला चैत्र, वैशाख इत्यादी. हे शब्द तद्धितान्त आहेत. नक्षत्रनामावरून कालवाचक शब्द आणि पौर्णिमेवरून मासवाचक शब्द कसा साधावा, याची सूत्रे पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात दिली आहेत. चित्रांजवळ पूर्ण होणारा चंद्र ज्या महिन्यात असेल तो चैत्र. पहिली माला अर्थाने सायन, दुसरी निरयण. तेव्हा वेदांचा कौल एका पक्षाला मिळाला असे म्हणणाऱ्याने आपण कोणती माला वाचली नाही, हे आधी सांगावयास हवे.

आता राशींच्या नावांकडे वळावे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात, म्हणजे इ. स. च्या सहाव्या शतकात, मेषादी नावांबरोबरच क्रिय, तावुरि, जितुम, कुलीर, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर, हृद्रोग ही पर्यायनामे येतात. कुलीर सोडला, तर यांपैकी बहुतेक शब्दांना संस्कृत धातू सापडत नाही आणि ग्रीक मूळ मात्र लगेच सापडते. क्रिओस म्हणजे मेंढा, तावरोस म्हणजे बैल, दिदुमोइ म्हणजे जुळे, लेओन म्हणजे सिंह, पार्थेनोस म्हणजे कुमारी, तोक्सोतेस म्हणजे धनुर्धर. ‘हृद्रोग’ हा शब्द तर भाषाशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावा असा आहे. मूळ शब्द ह्युद्रोखोओस, म्हणजे पाणी ओतणारा. ऐकणाऱ्याला तो अपरिचित; त्याने त्यातल्या त्यात ओळखीच्या ध्वनींवर हात ठेवला आणि पाणक्याचा हृदयविकार झाला! व्युत्पत्ती विसरून अर्थ लावण्याची ही लोकरीत पंडितांच्या भाषेतही किती सहज शिरते, हे यावरून दिसते.

‘जूक’ या शब्दाची साक्ष निराळ्या प्रकारची आहे. जुन्या ग्रीक परंपरेत सातव्या विभागाला विंचवाच्या नांग्या म्हणत. तराजूची दांडी या अर्थाचा ‘झुगोन’ हा शब्द त्या जागी मागाहून रुळला. संस्कृतात जे आले ते दांडीचे नाव आले, नांग्यांचे नव्हे. म्हणजे ही देवाणघेवाण ग्रीक परिभाषेच्या उत्तरकालीन अवस्थेतली आहे. स्फुजिध्वजाचे यवनजातक हा या देवाणघेवाणीचा महत्त्वाचा ग्रंथ. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत त्याचा काळ इ. स. २६९-७० असा ठरविला होता; बिल मॅक यांनी २०१३ साली हस्तलिखिताच्या नव्या वाचनाने त्या निर्णयाचा आधारच काढून घेतला. काळाविषयीचा वाद खुला आहे, शब्दांच्या मुळाविषयीचा नाही.

उसने शब्द पुढे मागे पडले आणि भाषांतरित शब्द टिकले. मेष, वृषभ, सिंह, कन्या हे भाषांतर सरळ आहे. जेथे ते सरळ नाही तेथे अधिक शिकण्यासारखे आहे. ग्रीकांचे जुळे भाऊ संस्कृतात ‘मिथुन’ म्हणजे स्त्रीपुरुषांची जोडी झाले. ग्रीकांचा शिंगाड्या बोकड ‘मकर’ झाला, आणि वराहमिहिराने त्या जलचराला मृगाचे तोंड दिले. बाबिलोनी राशिचक्रात या ठिकाणी बोकड आणि मासा यांचे संयुक्त रूप आहे हे लक्षात घेतले, म्हणजे नाव ग्रीकांकडून आले तरी चित्र त्यापूर्वीचे होते असे मानावे लागते. खुद्द मेष तरी कोठे मुळापासून मेष आहे? बाबिलोनी मृत्पट्टिकांवर त्या जागी ‘मोलकरी’, म्हणजे मजुरीने लावलेला माणूस, आहे.

या पुराव्यावरून काय सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. शब्द उसना आला म्हणून विचार उसना ठरत नाही. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केन्त्रोन’वरून आला, त्यावर भारतीय गणितज्ञांनी जे रचले ते त्यांचे आहे, आणि आज मराठी माणूस ‘केंद्र सरकार’ म्हणताना ग्रीक बोलत नाही. होरा, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम यांची कुळकथा सांगितल्याने सिद्धान्तग्रंथांतील ज्यागणिताचे मोल कमी होत नाही. एवढेच होते की, बारा राशींच्या या चौकटीला ‘वैदिक’ म्हणता येत नाही.

‘पाश्चात्य’ या दुसऱ्या विशेषणाची अवस्था याहून बरी नाही. समान बारा विभागांचे राशिचक्र बाबिलोनमध्ये इ. स. पूर्व पाचव्या शतकात सिद्ध झाले, आणि ते निरयण होते. वसंतसंपात तेथील गणितात मेषेच्या आरंभी नव्हे, तर एका पद्धतीत मेषेच्या दहाव्या आणि दुसरीत आठव्या अंशावर धरलेला आढळतो. म्हणजे निरयण गणना हीही पश्चिमेकडीलच आहे. संपाताला आरंभस्थान करण्याचा निर्णय जाणीवपूर्वक आणि कारण देऊन मांडलेला दिसतो तो दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या ग्रंथात. राशींचे गुणधर्म अयनांवरून आणि संपातांवरून येतात, ताऱ्यांवरून नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही भूमिका सुसंगत असली, तरी निर्दोष नाही. गुणधर्म ऋतूंचे असतील, तर दक्षिण गोलार्धात, जेथे मार्चमध्ये शरद सुरू होतो, मेषेचा अर्थ उलटावयास पाहिजे; आणि तारे गेले तरी त्यांची नावे मात्र विभागांना चिकटून राहावीत, याचेही समर्थन त्यातून मिळत नाही.

भारतात असा निर्णय घेण्याचा प्रसंग त्या काळी आलाच नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत पूर्वीच्या ग्रंथांतील धनिष्ठा-आश्लेषांची अयने नमूद करून, आपल्या काळी ती मकराच्या आणि कर्काच्या आरंभी होतात असे सांगितले आहे. त्याच्या दृष्टीपुढे तारे आणि ऋतू एकाच ठिकाणी मिळालेले होते. ‘मेषारंभ’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच बिंदूवर पडत असल्याने ते वेगळे करण्याची निकड नव्हती. सूर्यसिद्धान्तातही हीच संदिग्धता राहिली. त्याच्या मानाध्यायात मकरसंक्रांतीपासून सहा महिने उत्तरायण सांगितले आहे, ही व्याख्या शुद्ध सायन आहे. त्याचे वर्षमान मात्र ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे, ३१ विपळे आहे. सांपातिक वर्ष सुमारे ३६५ दिवस, १४ घटी, ३२ पळे भरते आणि नाक्षत्र वर्ष सुमारे ३६५ दिवस, १५ घटी, २३ पळे. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष नाक्षत्र वर्षाच्या जवळ असूनही त्याहून साडेआठ पळांनी मोठे आहे. जुन्या पंचांगांना ‘निरयण’ म्हणण्याची वहिवाट आहे खरी. काटेकोर अर्थाने ती निरयणही नव्हती.

‘सायन’ आणि ‘निरयण’ हे शब्द या पार्श्वभूमीवर वाचावेत. येथे ‘अयन’ म्हणजे अयनांश. सिद्धान्ताच्या रीतीने ग्रह साधला की तो मेषारंभापासून मोजलेला मिळे. क्रांती, चर, लग्न काढावयाचे झाले की त्यात अयनांश मिळवून तो ‘सायन’ करीत. म्हणजे ‘सायन’ हे मुळात एका क्रियेचे फळ होते, संप्रदायाचे नाव नव्हते. दोन्ही मोजण्या एकाच गणकाच्या पाटीवर, एकाच सकाळी, नांदत होत्या. त्यांचे दोन पक्ष झाले ते फार पुढे.

महाराष्ट्रात हे पक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघडपणे समोरासमोर आले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर उभारलेल्या पटवर्धनी पंचांगाने रेवतीतील तारा आरंभस्थान धरला आणि टिळक पंचांगाने पुढे तोच पक्ष चालविला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याला १८० अंशांवर ठेवून आरंभस्थान निश्चित केले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांचे नाव येथे विशेष अर्थाने घ्यावयाचे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) हा परंपरेचा सर्वांत साक्षेपी मराठी इतिहास लिहिणारा विद्वान सायन मताचा होता. परंपरा जाणणे म्हणजे निरयण असणे, या समीकरणाला ते एक नावच पुरेसे उत्तर आहे.

रेवती आणि चित्रा या दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. परंतु त्या चार दिवसांत एखादी अमावास्या सापडली की एका पंचांगात अधिक मास येतो आणि दुसऱ्यात तो निराळ्या जागी पडतो. मग एकाच गावात एका घरचा गणपती दुसऱ्या घरच्या गणपतीच्या महिनाभर आधी बसतो. स्थिर बिंदू ‘वेदसिद्ध’ असता, तर तो कोठे आहे याविषयी निष्ठावंत निरयणवाद्यांतच असा मतभेद होता ना.

मकरसंक्रांतीची गोष्ट सर्वांच्या परिचयाची. ती आज १४ किंवा १५ जानेवारीस येते, उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते, आणि तरीही तिळगूळ वाटताना सूर्य उत्तरेकडे वळल्याचे सांगितले जाते. जाता जाता एक नोंद करण्याजोगी आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराचा उगम पुष्कळदा त्या तारखेशी जोडला जातो. त्या वर्षी संक्रांत चित्रापक्षाच्या गणिताने १० जानेवारीच्या आसपास, म्हणजे लढाईपूर्वीच, होऊन गेलेली होती. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगातील संक्रांतिदेवीच्या वर्णनात, ती ज्या दिशेला पाहते व जाते तेथील अरिष्टांच्या कल्पनेत, शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात दोन्ही गणनांना जागा दिली. धार्मिक पंचांगासाठी २१ मार्च १९५६ या दिवशीचे अयनांश २३ अंश १५ कला ठरविले. २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र वसंतसंपाताशी, म्हणजे ऋतूंशी, बांधली. या दिनदर्शिकेतील महिने सायन आहेत आणि त्यांची नावे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशी, नक्षत्रांवरून साधलेली आहेत. त्या चैत्रातील पौर्णिमा चित्रांजवळ होण्याचे कोणतेही बंधन त्यावर नाही, आणि संपात सरकत जाईल तसतसे हे नाव अर्थापासून अधिकाधिक सुटत जाईल. ऋतूंवरून पाडलेल्या बारा नावांची माला तैत्तिरीय संहितेत तयार होती. तिच्यातले एकही नाव घेतले गेले नाही.