खाचेत बसली, म्हणून चालेल का?

संगणकाच्या स्मृतीविषयी वर्गात आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो : ती तात्पुरती असते आणि ती मेगाबाइटमध्ये मोजतात. दोन्ही खऱ्या, पण अपुऱ्या. हा अपुरेपणा पाहायचा असेल, तर जुन्या वर्कस्टेशनसाठी स्मृतिपट्टी शोधणाऱ्याची धडपड पाहावी.

वर्कस्टेशन म्हणजे अभियंते, शास्त्रज्ञ व ॲनिमेशन करणारे यांच्यासाठी बनवलेला, त्या काळच्या साध्या पीसीहून ताकदवान संगणक. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन ग्राफिक्स आणि सन या कंपन्या त्यासाठी नावाजलेल्या होत्या. पहिलीने 2009 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दुसरी 2010 मध्ये ओरॅकलने विकत घेतली. यंत्रे मात्र संग्रहालयांत व हौशी मंडळींकडे आहेत. जुनी आज्ञावली बरेचदा मूळ यंत्रावरच नीट चालते. पट्टी मिळाली नाही, तर यंत्राबरोबर त्यावरचे कामही मुके होते.

सिलिकॉन ग्राफिक्सचे 1993 चे ‘इंडी’ घेऊ. त्यात 72 पिनांच्या पट्ट्यांसाठी आठ खाचा आहेत आणि कमाल स्मृती 256 मेगाबाइट. हीच 72 पिनांची पट्टी त्या काळी पीसीतही सर्रास असे. मग पीसीतली काढून इंडीत घालावी का? ती खाचेत बसते, पण बहुधा चालत नाही. इंडीला 32 नव्हे, 36 बिटांची पट्टी लागते. प्रत्येक आठ बिटांमागे एक जादा बिट, त्याचे नाव पॅरिटी. आठांतील ‘एक’ हे अंक सम आहेत की विषम, एवढीच नोंद तो ठेवतो. एखादा बिट उलटला, की हिशेब जुळत नाही आणि चूक कळते. खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ पीसींनी हा नववा बिट सोडला. शिवाय इंडीला पट्ट्या चार-चारच्या गटात लागतात. एका गटातील चारही सारख्या क्षमतेच्या हव्यात.

या अटी कडक असल्या तरी इंडीच्या रचनाकारांना आम्ही चांगले गुण देऊ. अटी प्रचलित मानकाच्या चौकटीतल्या आहेत. त्यामुळे पॅरिटी असलेली पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातूनही मिळू शकते.

1996 च्या ‘ओटू’बद्दल असे म्हणता येत नाही. तिच्या पट्ट्या कंपनीच्या स्वतःच्या घाटाच्या. यामागे केवळ लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओटूमध्ये चित्रांसाठी वेगळी स्मृती नाही. मुख्य स्मृतीच पडद्याचेही काम करते, म्हणून ती जलद आणि रुंद मार्गाने जोडावी लागली. रचना हुशारीची खरी, पण तिची किंमत आज मोजावी लागते. एक ओटू जगवायची, तर बहुधा दुसरी उघडावी लागते.

सनच्या 1998 च्या ‘अल्ट्रा 5’ची तऱ्हा तिसरीच. पट्टी 168 पिनांची, म्हणजे त्या वेळच्या नव्या पीसीसारखीच. पण पीसीत एसडीरॅम जातीची स्मृती, तर येथे ईडीओ जातीची आणि चूक दुरुस्त करणारे जादा बिट असलेली. पिना मोजून खरेदी करणारा येथे हमखास फसतो.

आमचा आक्षेप 72 पिनांच्या मानकावरही आहे. 168 पिनांच्या पट्टीत व्होल्टेजनुसार खोबणीची जागा बदलते. चुकीची पट्टी आत जातच नाही. 72 पिनांच्या पट्टीत पॅरिटी आहे की नाही, हे सांगणारी अशी कोणतीही खोबण नाही. जो फरक यंत्र बंद पाडतो, तो हाताला जाणवतच नाही.

आणि आक्षेप आपल्या शिकवण्यावरही आहे. ‘जुळणे’ हा एक गुण नाही, ती प्रश्नांची मालिका आहे : आकार तोच का? एका वेळी किती बिट? जादा बिट आहे का? जात कोणती? वेग पुरेसा आहे का? गटात किती हव्यात? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर मेगाबाइट कितीही असोत, उपयोग नाही.

भंगारातल्या चार जुन्या पट्ट्या वर्गात आणाव्यात आणि मुलांना चिपा मोजायला सांगावे. संख्येला तीनने भाग गेला, तर पॅरिटी असण्याचा संभव जास्त, असा एक ठोकताळा आहे. नऊ चिपा असतील तर आठ मजकुराच्या, एक पडताळणीची. मुलांनी नियम मांडला, की मग पुढचे सांगावे. त्या काळी काही स्वस्त पट्ट्यांवर नववी चिप होती, पण ती काहीच साठवत नसे. वाचताना समोर आलेल्या आठ बिटांवरून ती हिशेब नव्याने मांडून देई, म्हणून तो नेहमीच जुळे. विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीवर स्वतःच बरोबरची खूण करावी, तसे. ही लबाडी पकडायला कोणती परीक्षा घ्यावी, हे मुलांनाच विचारावे.