स्त्रीचा चेहरा : कवटींत कीं दृष्टींत ?

एरिक प्लेमन्स ह्या मानववंशशास्त्रज्ञाचें ‘द लुक ऑफ अ वुमन’ हें पुस्तक २०१७ सालीं ड्यूक विद्यापीठानें प्रसिद्ध केलें. त्याचा विषय असा आहे कीं, नुसता उच्चारतांच आपल्या घरांतील बैठक क्षणभर स्तब्ध व्हावी. जन्मतः पुरुष गणल्या गेलेल्या, परंतु स्वतःस स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तींस आज पारलिंगी स्त्रिया म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यास स्त्रीरूप देणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा अभ्यास आहे. तरीहि वैद्याइतक्याच आस्थेनें तो नाट्यरसिकानें वाचावा. कारण ‘स्त्री दिसणें म्हणजे काय ?’ हा त्यांतील मूळ प्रश्न मराठी रंगभूमीनें पाऊण शतकाहून अधिक काळ रोज रात्रीं हाताळलेला आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत सांगतों. १९८२ च्या सुमारास सॅन फ्रॅन्सिस्को येथील शल्यवैद्य डग्लस औस्टरहौट यांजपुढें एक रुग्ण आली. तिची लिंगबदलाची शस्त्रक्रिया पूर्वींच झालेली होती. पण चारचौघांत लोक तिला अद्यापि पुरुषच समजत. वस्त्राआड काय पालटलें तें जगास कसें दिसावें ? जगास दिसतो तो चेहरा. औस्टरहौट यांनीं कवट्यांचीं जुनीं मोजमापें धुंडाळून स्त्रीपुरुषांच्या मुखास्थींतील भेद हुडकले, आणि त्यांवरून शस्त्रक्रियेची पद्धति बसविली. भुवयांवरील हाडाचा उंचवटा घासावयाचा. त्यामागील पोकळी मोठी असल्यास पुढचें हाड कापून मागें बसवावयाचें. जबड्याचे कोन व हनुवटी उतरवावयाची. कंठमणि कमी करावयाचा. वाचतांना अंगावर कांटा येतो खरा. पण दातांच्या दवाखान्याचें यथातथ्य वर्णनहि कांहीं कमी भयानक नसतें !

प्लेमन्स शल्यवैद्यांच्या सल्लागृहांत व शस्त्रक्रियागृहांत बसून पाहतो आणि एका विसंगतीवर अचूक बोट ठेवतो. वैद्याचें म्हणणें, स्त्रीत्व कवटींत मोजतां येतें. रुग्णेचें मागणें मात्र मापाचें नसतें. लोकांनीं मला स्त्री म्हणून ओळखावें, एवढेंच तिला हवें असतें. म्हणजे स्त्रीत्वाची पूर्तता पाहणाराच्या ओळखींत होते. प्लेमन्सचा सिद्धान्त तो हा, आणि माझ्या मतें पुस्तकाचें सारें बळ येथें आहे.

ह्या सिद्धान्तास आपल्याकडील पुरावा नारायण श्रीपाद राजहंसांचा. १९११ ची भामिनी, १९१६ ची रुक्मिणी ! बालगंधर्वांच्या कपाळाचें हाड कोणीं घासलें नव्हतें. पण त्यांच्या लुगड्याची नेसण व त्यांचे अलंकार यांचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. मूळ व प्रतिकृति यांची अदलाबदल झाली ती चाल, मान, स्वर व लज्जा यांच्या जोरावर, आणि प्रेक्षकाच्या तयार डोळ्याच्या जोरावर. (ह्यावरून राजहंसांच्या मनाविषयीं कांहीं अनुमान काढणें अनुचित होय, ती त्यांची कला होती. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत त्यांनींच एकनाथ उभा केला.)

मग कोणी म्हणेल, स्त्रीत्व पाहणाराच्या डोळ्यांतच असेल, तर हाड कशाला कापावें ? डोळाच सुधारा. हा युक्तिवाद चतुर आहे आणि निर्दयहि आहे. नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून, फसण्याची हौस घेऊन येतो. वर्ध्याच्या एस. टी. स्थानकावर उभ्या असलेल्या पारलिंगी स्त्रीला असा प्रेक्षक कोठून मिळणार ? तेथें भर उन्हांत तिचा चेहरा रोखून पाहिला जातो, आणि त्या एका नजरेवर तिला शेजारीं जागा मिळणें कीं शिवी मिळणें हें ठरतें. समाजाचा डोळा सुधारेपर्यंत तिनें थांबावें, असें सांगण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

हीं सारीं पाश्चात्त्यांचीं थेरें, असेंहि ऐकूं येईल. त्यांस पुण्याची आठवण द्यावी. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें कावसजी नामक गाडीवानाची हकीकत छापली. इंग्रजी सैन्यासाठीं बैल हांकणारा हा इसम टिपूच्या हातीं लागला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्यानजीक, वीटकाम करणाऱ्या जातींतील एका माणसानें मेणाचें माप घेऊन, कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक दिलें. ती वार्ता वाचूनच पुढें १८१४ सालीं लंडनच्या कार्प्यूनें तीच रीत अवलंबिली. नाकाचें काम केवळ श्वासापुरतें असतें, तर हा खटाटोप कोणी केला नसता. ‘नाक कापलें’ ह्याचा अर्थ मराठी माणसास समजावून सांगावयास नको. कावसजीचें नवें नाक मुख्यतः दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठींच होतें, आणि त्याबद्दल त्याला कोणी नटवा म्हटलें नाहीं. शेजारच्या सेवाग्रामचा दाखला देऊन देहाच्या साधेपणाचा उपदेश करणारांनींहि आठवावें कीं, १९०९ त ‘हिंद स्वराज्या’मध्यें डॉक्टरांवर कोरडे ओढणाऱ्या गांधींनीं १९२४ त पुण्याच्या ससूनमध्यें आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली.

माझा आक्षेप निराळा आहे. कोणत्या स्त्रीचा चेहरा प्रमाण धरावयाचा ? वर्धा जिल्ह्यांत कापूस वेंचणाऱ्या बायांच्या रांगेकडे पाहिलें, तर रुंद जबड्याच्या, ठसठशीत हनुवटीच्या कितीतरी दिसतील. त्यांच्या स्त्रीत्वाची शंका कोणास येते? परदेशीं संग्रहांतील कवट्यांवरून काढलेलें सरासरीचें माप आपल्या मुलीवर लादलें, तर हाती स्त्रीचा चेहरा न येतां एका विशिष्ट वर्णाचा व वर्गाचा चेहरा येण्याचा धोका आहे.

ह्या दृष्टीनें लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें, वैशाली रोडे यांनीं शब्दांकित केलेलें ‘मी हिजडा... मी लक्ष्मी !’ हें २०१२ चें आत्मकथन प्लेमन्सशेजारीं ठेवून वाचावें. अमेरिकन पुस्तकांत रुग्ण बव्हंशीं वैद्यासमोर बसलेली भेटते. मराठी आत्मकथनांत बोलणारी स्वतःच बोलते. ह्याच त्रिपाठी २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या खटल्यांत एक पक्ष होत्या. स्वतःचें लिंग ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, त्यासाठीं शस्त्रक्रियेची अट घालतां येणार नाहीं, असें तेव्हां ठरलें. पुढें २०१९ च्या कायद्यानें सरकारवर वैद्यकीय साहाय्याची जबाबदारी टाकली. त्यांत लिंगबदलाची शस्त्रक्रिया, संप्रेरकें, एवढेंच काय, लेसर उपचारहि नांवानिशीं आले. चेहऱ्याच्या हाडांचें नांव मात्र त्यांत आलें नाहीं.