न दिसणाऱ्यांचा हिशेब : खुला बाजार आणि परमुलखातील फौज

एखादा विचारव्यूह स्वतःविषयी जे सांगतो आणि त्याची भाषा त्याच्याविषयी जे सांगते, या दोहोंत पुष्कळदा अंतर असते. खुल्या बाजाराचा कैवार घेणाऱ्या, इंग्रजीत ‘लिबर्टेरियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वातंत्र्यवादी लेखनाच्या बाबतीत हे अंतर विशेष लक्षणीय आहे. आयातीवरील जकातीला विरोध आणि परमुलखात फौज ठेवण्याला विरोध ही एकाच तत्त्वाची दोन अंगे आहेत, असा या लेखनाचा दावा असतो. दोन्ही ठिकाणी शासन एकाच्या खिशातून घेऊन दुसऱ्याच्या पदरात टाकते, हा त्यामागील युक्तिवाद. या दाव्याची परीक्षा अर्थशास्त्राने आपल्या परीने केली आहे. समीक्षेने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : परमुलखातील फौजेविरुद्ध बोलताना हे लेखन वाचकाच्या मनाची पकड नेमकी कशाच्या बळावर घेते? त्याच्या अर्थविचाराच्या बळावर, की आणखी कशाच्या?

या गद्यपरंपरेच्या मुळाशी फ्रेडरिक बास्तिया यांची एक पुस्तिका आहे. ‘जे दिसते आणि जे दिसत नाही’ या अर्थाच्या शीर्षकाची ही पुस्तिका १८५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. दुकानाची काच फुटली की काचवाल्याला काम मिळाले हे दिसते. त्याच पैशात दुकानदाराने जोडे घेतले असते, ही न घडलेली गोष्ट दिसत नाही. या साध्या दृष्टान्तावर संपूर्ण पुस्तिका उभी आहे. दुसऱ्याच प्रकरणात तो लष्कराला लावला आहे. एक लाख सैनिक घरी पाठविले तर त्यांना काम कोण देणार, त्यांना माल पुरविणाऱ्यांनी काय करावयाचे, असे विचारणाऱ्याला बास्तिया उत्तर देतात की, त्यांच्यावर खर्च होणारे दहा कोटी फ्रँकही त्यांच्याबरोबरच करदात्याकडे परत जातात. पुढे एका प्रकरणाचा विषय खुद्द अल्जीरिया हाच आहे. शासनाच्या खर्चाने त्या वसाहतीत दिसणारी भरभराट ही फ्रान्समधील न दिसणाऱ्या उणिवेची दुसरी बाजू होय, असा तेथील युक्तिवाद आहे.

या मांडणीचे वाङ्मयीन सामर्थ्य मान्य केले पाहिजे. साम्राज्याची भाषा ही गौरवाची भाषा असते : ध्वज, कीर्ती, सभ्यतेचे कार्य, पराक्रम. या भाषेला तितक्याच उदात्त भाषेत उत्तर दिले की, दोन उदात्ततांचा सामना होतो आणि बहुधा ढोल-नगारे ज्या बाजूला असतील ती बाजू जिंकते. बास्तिया हा सामना टाळतात. ते वाण्याची चोपडी उघडतात. जमाखर्चाच्या सपाट, विशेषणहीन भाषेसमोर गौरवाचे शब्द एकाएकी पोकळ वाटू लागतात. ‘हे छान आहे, पण पैसे कोणी दिले?’ हा प्रश्न उपरोधाचे सर्वांत साधे आणि सर्वांत धारदार हत्यार ठरतो.

परंतु ‘न दिसणारा’ ही या संहितेतील एक रिकामी जागा आहे, आणि त्या जागी कोणाला बसवावयाचे हे लेखक ठरवितो. बास्तिया तेथे बसवितात तो फ्रेंच करदाता. त्याला ते ‘जाक बोनॉम’ हे फ्रेंच परंपरेतील सामान्य माणसाचे रूढ नाव देतात. नाव मिळाले की, पात्र होते. पात्र झाले की, वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते. आता इतिहास आठवावा. फ्रेंच फौजा १८३० मध्ये अल्जीअर्सला उतरल्या आणि १८४६ च्या सुमारास तेथील फौज एक लाखाच्या घरात गेली होती. जून १८४५ मध्ये दाहराच्या गुहांत आश्रय घेतलेल्या टोळीतील शेकडो स्त्रीपुरुषांना आणि मुलांना गुहेच्या तोंडाशी आग लावून गुदमरून मारण्यात आले. त्यानंतर पाचच वर्षांनी लिहिलेल्या पुस्तिकेत अल्जीरियाच्या बाबतीत ‘न दिसणारा’ कोण, याचे उत्तर फ्रान्समधील एक खेडूत असे येते. ज्याच्या शेतात फौज उभी आहे त्याला ना नाव, ना भूमिका. न दिसणाऱ्यांना दृश्य करण्याचे व्रत घेतलेली संहिता स्वतःच एक नवे अदृश्य निर्माण करते. बास्तिया निष्ठुर होते असा याचा अर्थ नव्हे. जमाखर्चाच्या रूपकात खर्च करणारा मावतो, ज्याच्यावर तो खर्च रोखलेला असतो तो मावत नाही, एवढाच याचा अर्थ.

याच परंपरेत एक दुसरी युक्तीही आढळते, ती जागांच्या अदलाबदलीची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आणि खुल्या व्यापाराचे कडवे पुरस्कर्ते विल्यम ग्रॅहम समनर यांनी जानेवारी १८९९ मध्ये येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाचे शीर्षकच ‘स्पेनने जिंकलेली अमेरिका’ अशा अर्थाचे होते. आदल्या वर्षीच्या युद्धात स्पेन हरला होता आणि फिलिपीन्स अमेरिकेच्या पदरी पडत होते. तरीही, जी साम्राज्यवादी वृत्ती स्पेनच्या ऱ्हासाला कारण झाली तीच अमेरिकेने उचलली असेल तर खरा विजेता कोण, असे समनर विचारतात. जेता आणि जित यांची ही उलटापालट एका शीर्षकात साधली आहे. आमची राहणी फिलिपिनो लोकांना वरदान वाटेल हे गृहीत धरणे खोटे आहे, असेही ते बजावतात. म्हणजे येथे पलीकडचा माणूस निदान नजरेत येतो. पण व्याख्यानाचा भर अमेरिकी प्रजासत्ताकाच्या अधःपतनावर, धनिकशाहीच्या धोक्यावर आहे. अदलाबदल होते ती आत्मपरीक्षणापुरती.

हिशेब आणि अदलाबदल या दोन्ही युक्ती एकत्र येतात त्या या दोघांच्या मधल्या काळातील, १८५३ सालच्या, एका इंग्रजी पुस्तिकेत. धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ मध्ये रद्द करविणाऱ्या चळवळीचे अग्रणी, आणि बास्तियांचे स्फूर्तिस्थान, रिचर्ड कॉब्डेन यांनी ‘हिंदुस्थानात युद्धे कशी उभी केली जातात’ अशा आशयाच्या शीर्षकाने ती लिहिली. विषय दुसऱ्या ब्रह्मी युद्धाचा. गव्हर्नर जनरल होते डलहौसी. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करणारे तेच. कॉब्डेन स्वतःचे असे फार थोडे सांगतात. ते पार्लमेंटला सादर झालेली सरकारी कागदपत्रे तारीखवार लावतात, आणि कागदच बोलू लागतात. दोन जहाजी कप्तानांची रंगूनच्या सुभेदाराविरुद्ध तक्रार. मागणी हजार पौंडांहूनही कमी. मग माफीची मागणी, मग एक लाख पौंड, मग स्वारी, आणि १८५२ च्या अखेरीस पेगू प्रांत खालसा. हजार पौंडांचे येणे मुलूख खालसा न करता वसूल करू शकेल असा गव्हर्नर जनरल हवा, अशी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी काय, हा त्यांचा प्रश्न उपरोधाचा उत्तम नमुना आहे.

तथापि या पुस्तिकेचे खरे महत्त्व उपरोधाहून पुढचे आहे. समोर ब्रह्मदेशाऐवजी बलाढ्य अमेरिका असती तर आपले आरमार असेच वागले असते काय, असे कॉब्डेन विचारतात. ही अदलाबदल शोभेची नाही. ती न्यायाची कसोटी आहे. रंगूनच्या सुभेदाराची पत्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांइतकीच पुरावा म्हणून वाचली जातात, हा त्याच कसोटीचा परिणाम. आणि हिशेबाच्या पानावरही कॉब्डेन बास्तियांच्या पलीकडे जातात. या युद्धाचे पैसे कोणी दिले? लँकेशायरच्या विणकराने नव्हे, तर हिंदुस्थानच्या रयतेने. बंगालच्या अर्धनग्न शेतकऱ्याचा त्या दोन कप्तानांच्या दाव्याशी संबंध काय, हा त्यांचा प्रश्न त्या रिकाम्या जागी प्रथमच परक्या माणसाला बसवितो.

येथेच या विचारव्यूहातील ताण उघडा पडतो. करदात्याच्या हिताची जाणीव युद्धखोरीला आवर घालील, हा स्वातंत्र्यवादी युक्तिवाद पैसे देणारा आणि निर्णय घेणारा एकाच राज्यव्यवस्थेत आहेत असे धरून चालतो. साम्राज्यात ते तसे नसतात. बंगालच्या शेतकऱ्याला पार्लमेंटात जागा नव्हती; जमाखर्चाची चोपडी त्याच्या हातीच नव्हती. तेव्हा ज्या क्षणी हे गद्य सर्वाधिक प्रभावी होते, त्या क्षणी ते बाजाराच्या तत्त्वावर नव्हे, तर दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याच्या नैतिक कृतीवर उभे असते.

या निष्कर्षाला पुष्टी मिळते ती पुण्यातून. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशकाळांना लागू पडतात हा दावाच नाकारला आणि उद्योगांना शासनाचे साहाय्य हवे असे प्रतिपादन केले. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानच्या तिजोरीवर लादलेल्या लष्करी खर्चाविरुद्ध तक्रार मांडली. म्हणजे, ज्या परंपरेने अनिर्बंध बाजार स्वीकारला नाही तिनेही साम्राज्याच्या लष्करी खर्चाला विरोध केला, आणि तोही त्याच काटेकोर हिशेबाच्या भाषेत. दोन्ही अंगे एकाच देहाची असती तर हे घडणे अवघड होते. शिवाय गोखल्यांना अदलाबदलीची युक्ती योजावी लागली नाही. कॉब्डेन ज्याच्या वतीने बोलत होते, त्याच्याच घरातून ते बोलत होते. हिशेबाचे अलंकारशास्त्र तेच राहिले, पण वक्ता बदलताच त्याचा अर्थ बदलला : काटकसरीची मागणी हक्काची मागणी झाली.

विसाव्या-एकविसाव्या शतकातील स्वातंत्र्यवादी लेखन आणि वक्तृत्व या दृष्टीने वाचता येते. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकयुद्धाला अनुमती देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देणारे रॉन पॉल यांनी मे २००७ च्या जाहीर वादचर्चेत अमेरिकनांना विचारले की, चीनने आपल्या भूमीवर असे तळ उभारले असते तर आपण काय म्हटले असते? त्यांच्या भाषणांत डॉलरच्या घसरत्या मोलाचा, कर्जाचा आणि करांचा हिशेब पुष्कळ असतो. पण टिकून राहिला तो हा प्रश्न. कॉब्डेन यांच्या प्रश्नाचाच तो वंशज आहे, आणि त्यात बाजाराचे नावही नाही.

स्वातंत्र्यवादी गद्याला केवळ धनिकांचे वकीलपत्र म्हणून बाजूला सारणे त्यामुळे न्याय्य ठरत नाही. गौरवाची भाषा उघडी पाडण्याचे त्याने घडविलेले हत्यार आजही उपयोगी आहे. मात्र या प्रकारची कोणतीही संहिता हाती घेताना वाचकाने एक प्रश्न जवळ बाळगावा : न दिसणाऱ्याच्या जागी येथे कोण बसला आहे, आणि त्याला नाव आहे काय? परमुलखातील फौज परत बोलवावी, कारण ती महाग पडते, असे म्हणणारा लेखक आणि ती परत बोलवावी, कारण ती दुसऱ्याच्या अंगणात उभी आहे, असे म्हणणारा लेखक एकाच ठरावाच्या बाजूने मत देतील. पण फौज स्वस्त पडू लागली की, पहिल्याजवळ बोलण्यासारखे काही उरणार नाही.